मेलवर बँकेचे नाव लिहितो कोण?

‘आपली केवायसी अपूर्ण आहे. २४ तासांत माहिती भरली नाही, तर खाते गोठवले जाईल.’ असा मेल आला की शुद्धलेखनाच्या चुका शोधा, असे पूर्वी सांगत. तो सल्ला आता बाद झाला. एआयच्या मदतीने चोरही स्वच्छ भाषा लिहितात. लोगो खऱ्या संकेतस्थळावरून उचललेला असतो आणि तळाला ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही सूचनाही असते!

मूळ दुखणे जुने आहे. मेल पाठवण्याचे एसएमटीपी नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यांत नव्हती. पाकिटाच्या मागे कुणीही कुणाचाही पत्ता लिहावा, तसाच हा प्रकार. पुढे त्यावर तीन ठिगळे लागली. हा सर्व्हर या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाच्या, वतीने मेल पाठवू शकतो का, हे एसपीएफ तपासते. डीकेआयएम ही डोमेनची डिजिटल सही. आणि तुम्हाला दिसणारा पत्ता या दोन्हींपैकी एकाशी तरी जुळतो का, ते डीमार्क पाहते.

हे निकाल तुम्हालाही पाहता येतात. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच तिन्हींपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेले असते. बँकेच्या नावाच्या मेलवर डीमार्क ‘फेल’ असेल, तर त्यातल्या कशालाही हात लावू नका. मात्र ‘पास’ दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. चोराने स्वतःचे डोमेन विकत घेऊन तिन्ही गोष्टी नीट बसवल्या, तर त्यालाही ‘पास’च मिळतो. म्हणून पास कोणते डोमेन झाले, ते वाचायचे.

डोमेन वाचायचे ते उजवीकडून. लिंकच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडा, पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे या. ‘अमुकबँक डॉट को डॉट इन डॉट केवायसी-सेवा डॉट टॉप’ या पत्त्याचा मालक अमुक बँक नाही. ‘केवायसी-सेवा डॉट टॉप’ ज्याने घेतले तो आहे. मोबाइलच्या अरुंद पट्टीत पत्त्याचा डावा तुकडाच दिसला, तर डाव साधला. रोमन ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवून ‘एम’चा भास करणे, ही दुसरी युक्ती. कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. तुमच्या आणि संकेतस्थळाच्या मधली जोडणी कूटबद्ध आहे एवढेच ते सांगते, आणि तसे प्रमाणपत्र फुकट मिळते.

भारतीय बँकांपुरती एक खूण आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळते आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते. ब्रोकर, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांना ही खूण लागू नाही, हे ध्यानात ठेवा.

जोडलेल्या फाइलींचे वेगळेच. खरे स्टेटमेंट बहुधा पासवर्डबंद असते, पण तो पासवर्ड पॅन, जन्मतारीख अशा तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्या माहितीतून बनतो. मेलमध्येच पासवर्ड लिहून झिप फाइल धाडली असेल, तर तो व्हायरस-तपासणी चुकवण्याचा खटाटोप समजा. ‘एचटीएमएल’ फाइल आली तर ती तुमच्याच संगणकावर खोटे लॉगिन पान उघडते.

या सगळ्यापेक्षा सोपे म्हणजे मेलमधल्या दारातून आत जाणेच टाळावे. लिंक सोडा, बँकेचे अॅप स्वतः उघडा. केवायसी खरोखर अडली असेल तर तिथेही दिसेल. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तोही पहारेकरीच आहे. नकली डोमेनवर तो पासवर्ड आपणहून भरत नाही. अशा वेळी ‘बिघडला वाटतं’ म्हणून हाताने पासवर्ड टाकणे ही नेमकी घोडचूक.

माहिती भरून बसलात, तर आधी बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करा, मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले होते: ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ तिथल्या तिथे लिहून घ्या.