इमट्रॅट: भूतानच्या ‘हा’ खोऱ्यातलं आपलं लष्करी पथक

इमट्रॅट म्हणजे भूतानमधलं भारतीय लष्कराचं ट्रेनिंग पथक. १९६१-६२ च्या सुमाराला सुरू झालं, मुख्यालय पश्चिम भूतानमधल्या ‘हा’ नावाच्या गावात, उंची साधारण २,७०० मीटर, आणि ‘हा’ जिल्हा तिबेटच्या चुंबी खोऱ्याला लागूनच आहे. नावात ट्रेनिंग असलं तरी काम तेवढंच नाही. भूतानच्या सैनिकांना शिकवायचं, त्यांच्यावर आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांवर औषधपाणी पण करायचं, दोन्ही याच पथकाकडे. खान्देशातली बरीच पोरं फौजेत आहेत, आणि पोस्टिंग भूतानला लागली की गावात म्हणतात चला फॉरेनला गेला, मजा आहे. म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं.

भूतान किती छोटा, तर २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख २७ हजार, म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या निम्मी पण नाही. फौज दहा हजाराच्या आतली आणि सीमा सगळी डोंगराची. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा गाडीरस्ताच नव्हता, सिक्कीममधून नथु ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून घोड्यावर, याकवर बसून जावं लागलं. मग १९६१ ला आपल्या सीमा सडक संघटनेचा रस्ते बांधायचा दंतक प्रकल्प सुरू झाला. भारताच्या सीमेवरचं फुन्त्शोलिंग ते राजधानी थिंफू रस्ता १९६८ पर्यंत तयार झाला आणि खेचरांवरचा पाच-सहा दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. दंतकच्या कामात आजवर १,२०० पेक्षा जास्त माणसं गेलीत, दरडी कोसळून, आजारपणात, अपघातात. लढाई नाही, गोळी नाही, रस्ता करताना एवढी माणसं गेली आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, हे मला फार लागतं.

माझ्या मते या मदतीचा खरा जीव म्हणजे ‘हा’ गावातला लष्करी दवाखाना. आमच्या पारोळ्याकडचे एक काका मेडिकल कोरमध्ये होते, तिथं राहून आलेत. ते सांगतात, सकाळी ओपीडी उघडायच्या आत बाहेर लाइन लागलेली, चौकीवरून आलेला भूतानी शिपाई बर्फानं बोटं काळी पडलेली घेऊन बसलाय आणि त्याच्या शेजारी गावातली म्हातारी पाठीवर नातू बांधून, दोघांना एकच डॉक्टर. हिवाळ्यात नळातलं पाणी गोठायचं, मग बादलीत बर्फ वितळवून पट्ट्या धुवायच्या. जेवणाचं विचारलं तर म्हणाले, "तठे मिरचीनीच भाजी करतस भो!" खरंच आहे, एमा दात्शी म्हणजे मिरची आणि चीज, तिकडे मिरची हीच भाजी.

ट्रेनिंगचं काम पण मोठं आहे. भूतानचे अधिकारी खडकवासल्याच्या एनडीएत आणि डेहराडूनला शिकतात, जवानांना इमट्रॅट तिथंच शिकवतं. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या फौजेनं दक्षिणेच्या जंगलातले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या बंडखोर संघटनांचे ३० तळ उठवले, त्या कारवाईत तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः होते, आणि जखमी भूतानी सैनिकांवर उपचार करायला भारतीय लष्कर पुढे आलं. २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं राहिलं, त्यामुळे ‘हा’ जिल्ह्याचं नाव पेपरात आलं पण दवाखाना मात्र बातम्यांत कुठेच नव्हता.

जायचं कसं, तर भुसावळला गुवाहाटीची गाडी पकडून न्यू जलपाईगुडीला उतरायचं, रस्त्यानं सीमेवरचं जयगाव, भूतानचं गेट ओलांडलं की फुन्त्शोलिंग, मग पारो आणि जवळजवळ ४,००० मीटरचा चेले ला घाट चढून ‘हा’ गाव. काका सुट्टीवरून परत जाताना ट्रंकेत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि जळगावचे केळीचे वेफर्स भरून न्यायचे. वॉर्डातल्या भूतानी पोरांना बिबडे इतके आवडले की नंतर ते शेगडीवर स्वतःच भाजून घ्यायचे.