दोन जिवांची म्हणजे दुप्पट जेवण नव्हे

"आता तू दोन जिवांची, दोघांचं जेव," हा सल्ला पिढ्यान् पिढ्या मायेपोटी दिला जातो. माया खरीच, पण हिशोब जुळत नाही.

बाराव्या आठवड्यात बाळ जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचं असतं, वजन १५ ग्रॅमच्या आसपास. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत सहसा जास्तीचे उष्मांक लागत नाहीत. मळमळीमुळे चार घास कमी गेले, तर आईने स्वतःला दोष लावून घेऊ नये. दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३४० उष्मांक जास्त हवेत. म्हणजे एक केळं, कपभर दूध आणि थोडे बदाम, एवढंच! तिसऱ्या तिमाहीत ४५०.

खरी वाढते ती लोहाची गरज, जवळजवळ दीडपट. ती नुसतं पोटभर जेवून भागत नाही, म्हणूनच त्या गोळ्या.

पडताळायचं असेल तर तपासणीच्या कार्डावरच्या वजनाच्या नोंदी पाहा. आधीचं वजन उंचीला साजेसं आणि पोटात एकच बाळ असेल, तर नऊ महिन्यांत साधारण ११.५ ते १६ किलो वाढ योग्य. आकडा फार पुढे-मागे असेल तर डॉक्टरांना दाखवा, जेवण मनाने तोडू नका.

बाळ अंगावर पीत असताना मात्र भूक खरंच वाढते. तेव्हा तिला पोटभर वाढा.