काचपात्रे, जुनी शोभिवंत : ओळख आणि वर्णन

पेले, सुरया, फळांचे वाडगे, तबके अशा मेजावर मांडायच्या नक्षीदार काचभांड्यांचा काळ आणि घडण ठरवण्याची पद्धत. चांदीवर असतात तसे नियमित शिक्के काचेवर क्वचितच सापडतात. म्हणून भांडे कसे घडले, हेच आधी पाहावे लागते आणि त्याची सुरुवात नक्षीपेक्षा तळापासून करणे बरे.

फुंकून घडवलेल्या भांड्याचे तोंड साधताना कारागीर ते तळाशी चिकटवलेल्या लोखंडी सळईवर धरत. सळई तोडली की तिथे खडबडीत व्रण राही. १८व्या शतकातील अनेक इंग्लिश पेल्यांत तो तसाच दिसतो. तो मेजाला लागू नये म्हणून बैठक मध्यभागी उचललेली असे. पुढे हा व्रण घासून गुळगुळीत करण्याची रीत रूढ झाली. मात्र हाताने घडवलेल्या आजच्या भांड्यांवरही असा व्रण असू शकतो. एवढ्यावरून वय ठरत नाही. बैठकीच्या कडेवरचे ओरखडे अधिक बोलके असतात. वापराने पडलेले ओरखडे वेडेवाकडे आणि कमीजास्त खोल असतात, तर सँडपेपरने पाडलेले एकाच दिशेचे.

१८२०च्या दशकात अमेरिकेत यंत्राने साच्यात दाबलेली काच निघू लागली. तिच्यावर साच्याच्या जोडरेषा दिसतात आणि नक्षीच्या कडा बोथट लागतात. चाकावर पैलू पाडलेल्या काचेच्या कडा बोटाला धारदार जाणवतात.

जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये लंडनला ज्या काचेचे पेटंट घेतले, तिच्यातून शिसेयुक्त काच विकसित झाली. ती वजनदार असते आणि टिचकी मारल्यावर बराच वेळ निनादते.

रंग फसवा असतो. युरेनियमयुक्त काच अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी दिसते. त्यावरून घटक कळतो, वय नव्हे. धातूंच्या क्षारांनी इंद्रधनुषी झळाळी दिलेली ‘कार्निव्हल’ काच अमेरिकेत १९०७च्या सुमारास आली. १९६०नंतर ती पुन्हा निघाली, काही वेळा जुन्याच साच्यांतून.

खुणा असल्याच तर जपून वाचाव्यात. ब्रिटनमधील रचना-नोंदणीचे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे चिन्ह १८४२ ते १८८३ दरम्यानचे; १८८४पासून क्रमांक आले. दोन्ही रचनेच्या नोंदणीचा काळ सांगतात, ते भांडे प्रत्यक्ष केव्हा घडले हे नव्हे. कोरलेली सही तर सर्वांत संशयास्पद, कारण ती मागाहूनही कोरता येते.

वर्णनात उंची, तोंडाचा आणि बैठकीचा व्यास, घडणीचे तंत्र, रंग, नक्षी व तळ यांची नोंद हवी. ‘सुंदर जुना पेला’ हे वर्णन नव्हे. टवके आणि तडे जागेसह लिहावेत. टवका घालवण्यासाठी काठ घासला असेल, तर तोंड किंचित सपाट आणि प्रमाण बिघडलेले दिसते. सुरईच्या आतील धुरकटपणा कोरड्या अवस्थेतच तपासावा; पाण्याने किंवा तेलाच्या पातळ थराने तो तात्पुरता झाकला जातो.