नोड गप्प आहे की बंद? क्लस्टर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या क्लस्टरमधला (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातला) एखादा नोड, म्हणजे एक सर्व्हर, मधूनच ‘नॉट रेडी’ (कामाला तयार नाही) होतो आणि थोड्या वेळाने आपोआप ताळ्यावर येतो, असे होत असेल तर टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) वाढवण्याआधी हे पत्रक वाचा. अशा तक्रारींत टाइमआउटचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा नोडला सीपीयू, मेमरी किंवा डिस्क पुरत नसते आणि बोंब मात्र टाइमआउटच्या नावाने होते.

बाहेरून सगळे सारखेच दिसते

प्रत्येक नोड ठरावीक अंतराने हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा निरोप, पाठवतो. तो आला नाही तर मशीन बंद पडले असेल, मधले नेटवर्क तुटले असेल, जावाचा गार्बेज कलेक्टर बाकी सगळे थांबवून मेमरीची साफसफाई करत असेल, किंवा डिस्क इतकी तुंबली असेल की हार्टबीटची पाळीच आली नसेल. पाहणाऱ्याला चारही प्रकारांत एकच दिसते: उत्तर नाही. निरोप पोचायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसेल, तर एकच नोड बंद पडण्याची शक्यताही पुरते. मग बाकीच्यांचे एकमत हमखास घडवणारा निश्चित अल्गोरिदम बनवता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी हे १९८५ साली सिद्ध केले. म्हणजे बिघाड ओळखणारी यंत्रणा शेवटी अंदाजच करते. टाइमआउट कमी ठेवला तर धडधाकट नोड बाद होतो, जास्त ठेवला तर बंद पडलेल्याची वाट पाहत बसावे लागते. यातली कोणती चूक तुम्हाला परवडते ते तुम्ही सांगा, आकडा आम्ही काढून देऊ.

सर्व्हर बंद पडला, तरी काम लगेच का हलत नाही?

कुबरनेटिसमध्ये (क्लस्टर चालवणाऱ्या प्रणालीत) नोड दर १० सेकंदांनी आपली ‘लीज’, म्हणजे चालू असल्याची नोंद, ताजी करतो. जुन्या आवृत्त्यांत ४० आणि नव्यांत ५० सेकंद काहीच आले नाही, की नोड ‘नॉट रेडी’ धरला जातो. त्यानंतर त्यावरचे पॉड (एकत्र चालणारे कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त चालवलेले प्रोग्रॅम) हटवण्याआधी आणखी ३०० सेकंद थांबण्याची मूळ सेटिंग असते. एकूण सहा मिनिटांच्या आसपास. हे ३०० सेकंद पॉडनिहाय कमी करता येतात. वेबसाठीच्या, स्वतःकडे काही न साठवणाऱ्या पॉडना ३० ते ६० सेकंद आम्हाला योग्य वाटतात.

डेटाबेसचे पॉड मात्र ‘टर्मिनेटिंग’वर अडकून राहतात. हा दोष नाही. जुना पॉड खरोखर थांबला याची खात्री नसताना त्याच नावाचा दुसरा सुरू केला, तर दोघे मिळून एकाच डेटावर लिहू लागतील. म्हणून आधी मशीनची वीज बंद असल्याची खात्री करा, मगच पॉड जबरदस्तीने काढा. हा क्रम कृपया उलटा करू नका. बिघडलेला डेटा सावरण्यापेक्षा दहा मिनिटे सेवा बंद राहिलेली बरी.

सीपीयूची मर्यादा आणि खोटा बिघाड

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत फसवा प्रकार हा. कंटेनरला अर्ध्या सीपीयूची लिमिट दिली, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याला दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद सीपीयू-वेळ देतो. त्यातले चार थ्रेड (समांतर चालणारी कामे) चार कोअरवर एकदम धावले तर हा कोटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्याऐंशी मिलिसेकंद सगळे ताटकळतात. सरासरी वापराचा आलेख तेव्हाही शांत दिसू शकतो. खरे चित्र सीग्रुपच्या (कंटेनरच्या मर्यादा सांभाळणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलमधल्या ‘एनआर थ्रॉटल्ड’ (किती वेळा रोखले) या आकड्यात असते; तो भराभर वाढत असेल तर लिमिट अपुरी आहे.

आता यावर लाइव्हनेस प्रोब (कंटेनर जिवंत आहे का ही तपासणी) लावलेली आहे असे धरा. तिची मूळ सेटिंग अशी: दर १० सेकंदांनी तपासणी, उत्तराला १ सेकंद मुदत, लागोपाठ ३ वेळा चुकले की रिस्टार्ट. उपाशी कंटेनर तिन्ही वेळा उशीर करतो आणि मारला जातो. पुन्हा सुरू होताना त्याला नेहमीपेक्षा जास्त सीपीयू लागतो, म्हणून तो पुन्हा उशीर करतो. हे चक्र थांबवायला सावकाश सुरू होणाऱ्या ॲप्लिकेशनला वेगळी स्टार्टअप प्रोब (सुरू होईपर्यंतची तपासणी) लावा, सीपीयूची लिमिट वाढवा किंवा काढून फक्त रिक्वेस्ट (राखून ठेवलेला वाटा) नीट ठेवा. लाइव्हनेस प्रोबमध्ये डेटाबेसची तपासणी तर मुळीच घालू नका. डेटाबेस जरा मंदावला की सगळे पॉड एकदम रिस्टार्ट होतात आणि सगळ्यांची नवी कनेक्शने त्याच डेटाबेसवर आदळतात.

मेमरीचे तसे नाही. तिथे ताटकळत ठेवणे नसते; लिमिट ओलांडली की प्रोसेस ठार. एक्झिट कोड १३७ म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. सोबत ‘ओओएम किल्ड’ लिहिलेले असेल तर शंकेला जागा नाही. जावाची हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठीची मेमरी) लिमिटइतकीच ठेवणे ही यातली नेहमीची चूक. थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस आणि डायरेक्ट बफर हीपच्या बाहेर असतात, त्यामुळे हीप लिमिटच्या ७० टक्क्यांपलीकडे नेऊ नये असे आमचे मत आहे.

राखीव क्षमता

तीन नोड प्रत्येकी ८० टक्के भरलेले असतील, तर एक पडल्यावर २४० टक्क्यांचा भार दोघांवर येतो, म्हणजे प्रत्येकी १२०. मग तेही हार्टबीट चुकवू लागतात. तीन नोडांच्या क्लस्टरमध्ये ६० टक्क्यांच्या आत राहा. एकमत करणारे सदस्य विषम संख्येत ठेवा, कारण निम्म्याहून जास्त चालू असावे लागतात: ३ असतील तर १ पडलेला चालतो, ५ असतील तर २, पण ४ मध्येही १ च, म्हणजे चौथ्याचा खर्च फुकट.

ईटीसीडीची (क्लस्टरची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसची) डिस्क वेगळी हवी. ईटीसीडीचा हार्टबीट १०० मिलिसेकंदांचा आणि सदस्यांमधून नवा नेता निवडण्याची मुदत १,००० मिलिसेकंदांची असते. लॉग डिस्कवर पक्का व्हायला लागणारा वेळ ९९ टक्के वेळा १० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्याच डिस्कवर बॅकअप चालू झाला की नेता बदलत राहतो, आणि लोक नेटवर्क तपासत बसतात.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये

लिनक्सच्या टीसीपी कीपअलाइव्हवर (कनेक्शन जिवंत आहे का पाहणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. तो चालू केला तरी मूळ सेटिंगप्रमाणे ७,२०० सेकंदांनी जागा होतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारतो. कनेक्शन मेल्याचे कळायला सव्वादोन तासांना थोडेच कमी. प्रत्येक कॉलला स्वतःचा टाइमआउट द्या. रिट्राय (पुन्हा प्रयत्न) प्रोग्रॅमच्या एकाच थरात ठेवा: तीन थरांनी प्रत्येकी तीनदा प्रयत्न केला तर एका विनंतीच्या २७ होतात. दोन प्रयत्नांमधले अंतर दुपटीने वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येतात.

आम्हाला फोन करताना

शक्य असेल तर रिस्टार्टच्या आधी पुढील गोष्टी जपून ठेवा, कारण त्यातल्या काही रिस्टार्टनंतर मिळत नाहीत: मागच्या कंटेनरचा लॉग, क्लस्टरचे इव्हेंट (हे मूळ सेटिंगमध्ये तासाभरात पुसले जातात), कर्नलचे संदेश, डिस्कची मोकळी जागा आणि मोकळे आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी). जागा शिल्लक असूनही आयनोड संपले तर नवी फाइल बनत नाही. सर्व नोडांची घड्याळे जुळलेली आहेत का तेही पाहून सांगा. ती जुळत नसतील तर लॉगमधला घटनांचा क्रम चुकतो.