कायटिन कुठं संपतं आणि कायटोसान कुठं सुरू होतं?

कोळंबीचं टरफल पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं की फसफसतं. त्यातला कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो आणि कडक कवचाचा लिबलिबीत पापुद्रा होतो. पुढं सौम्य कॉस्टिक सोड्यात तापवून प्रथिनं काढली की उरतं ते कायटिन. हे बहुवारिक, म्हणजे एकसारख्या कड्यांच्या लांब साखळीचा पदार्थ, 1811 मध्ये आधी अळिंबीत सापडलं, नाव मात्र 1823 मध्ये कीटकांच्या कवचावरून पडलं. 1930 च्या दशकात त्यावर पेटंटं निघाली, पण कृत्रिम धाग्यांपुढं ती मागं पडली. उद्योग उभा राहिला तो 1970 च्या दशकात, जपानमध्ये. किनाऱ्यावर साचणाऱ्या कवचांचं करायचं काय, हा प्रश्न होताच. सांडपाण्यातला गाळ खाली बसवायला कायटिनपासून बनणारं कायटोसान कामी येतं म्हटल्यावर गिऱ्हाईकही मिळालं.

खरी गुंतागुंत ‘कायटोसान’ याच शब्दात आहे. तीव्र अल्कलीत कायटिन उकळलं की साखळीच्या कड्यांवरचे ॲसिटिल गट (अणूंचे छोटे झुबके) सुटतात आणि पदार्थ पातळ आम्लात विरघळू लागतो. हे 1859 मध्ये दिसलं, ‘कायटोसान’ हे नाव 1894 चं. पण किती गट सुटले म्हणजे कायटोसान? कोणी निम्म्यावर समाधान मानतं, कोणी तीन-चतुर्थांशांवर अडून बसतं. पातळ ॲसिटिक आम्लात विरघळलं तर कायटोसान, नाहीतर कायटिन, ही व्यवहारातली कसोटी. तीही पुरी पडत नाही. निम्मे गट सुटलेले दोन नमुने घ्या. गट साखळीभर विखरून सुटले असतील तर तो नमुना साध्या पाण्यातही विरघळू शकतो, आणि पट्ट्यापट्ट्यांनी सुटले असतील तर दुसरा तसाच बसून राहतो. साखळीची लांबी हा आणखी वेगळा मुद्दा. म्हणून कोणतं कायटोसान हे न सांगता ‘कायटोसान जंतुनाशक आहे’ असं नुसतं वाक्य माझ्या मते अर्धवटच.

या सैलपणाचा फायदा चरबी शोषणाऱ्या म्हणून खपलेल्या गोळ्यांनी उठवला. काटेकोर चाचण्यांत वजनातली घट नगण्य निघाली. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांचं तसं नाही. धनभारित कायटोसानला ऋणभारित रक्तपेशी चिकटतात, जखमेवर बूच बसतं. 2000 नंतर या पट्ट्या रणांगणावर पोचल्या.

अलीकडचा रोख आम्ल-अल्कलीचं सांडपाणी टाळण्यावर आहे. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू टरफलावर सोडून चुना आणि प्रथिनं बरीचशी काढता येतात, वेळ मात्र जास्त लागतो. दुसरा स्रोत सायट्रिक आम्लाच्या कारखान्यांत उरणारी बुरशी. तिच्या पेशीभित्तीतही कायटिन असतं, आणि त्यापासूनचं कायटोसान वाइन नितळ करायला वापरतात.