की-बोर्डवरचा गंधार का करकरतो?

गणपतीच्या पंधरा दिवस आधी माझा भाचा लॅपटॉप घेऊन गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आला. खाली नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग, त्यावर सिंथची, म्हणजे सिंथेसायझरची, एक लांबलचक कॉर्ड, एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ. "मामा, ऐक ना, ही करकरते. प्लग-इन बदलले, हेडफोन बदलले. थिअरीचे व्हिडिओ लावले तर तिथे नुसती स्केलची नावं पाठ करायला सांगतात."

कॉर्ड अगदी साधी होती. पांढरी सहाला सा धरला तर सा, शुद्ध गंधार आणि पंचम. पट्ट्या बरोबर होत्या, तरी करकर होतीच. थिअरी म्हणजे पाठांतर हा समज मला फार खटकतो. तिचा पाया गुणाकार-भागाकारात आहे आणि तो कानाने तपासता येतो.

आधी एक प्रयोग केला. सिंथवर साइन वेव्ह निवडून एक सूर २२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २२० कंपनांवर ठेवला, दुसरा २२२ वर. दोन सूर ऐकू येत नाहीत. एकच येतो, आणि तो सेकंदाला दोनदा फुगतो नि ओसरतो. दोन्ही लाटा एकदमच चढल्या की आवाज वाढतो. एक चढताना दुसरी उतरत असली की त्या एकमेकींना मारतात. फरक दोनाचा, म्हणून हेलकावे दोन. तंबोरा जुळवणारा हेच हेलकावे ऐकत खुंटी पिळतो, मणी सरकवतो. ते संथ होत थांबले की तारा जुळल्या.

आता भाच्याची कॉर्ड. तिच्यासाठी त्याने सॉ वेव्ह घेतली होती, करवतीच्या दात्यांच्या आकाराची लाट. साइनमध्ये एकच कंपनसंख्या असते. सॉमध्ये मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे उपस्वर असतात, वर जावं तसे क्षीण होत गेलेले. सा २२० चा, तेव्हा त्याचा पाचपट उपस्वर ११०० चा. की-बोर्डवरचा गंधार २७७.१८ चा, त्याचा चौपट ११०८.७३. म्हणजे या दोन उपस्वरांमध्ये सेकंदाला जवळजवळ पावणेनऊ हेलकावे. इतके जलद हेलकावे सुटे मोजता येत नाहीत, त्यांची थरथर होते. वरचे उपस्वर कापणारा फिल्टर उघडा असला की तीच करकर वाटते. तीच कॉर्ड साइनवर वाजवून पाहिली तर गुळगुळीत, कारण तिथे ११०० च्या आसपास भांडायला कुणी नाहीच.

मग त्याला गंधाराचं फाइन ट्यून १४ सेंट खाली घ्यायला सांगितलं. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. आकडा खाली येत गेला तशी थरथर संथ झाली आणि चौदापाशी कॉर्ड निवळली. भाच्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं, परत घातले आणि दहा मिनिटं तेच मागे-पुढे करत बसला. गंधार आता २७५ च्या जवळ आला होता, म्हणजे २२० च्या सव्वापट. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कुणी न वाजवता जो गंधार कानावर येतो, गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो हाच. त्या तारेचा पाचपट उपस्वर.

"मग की-बोर्ड मुळातच असा का जुळवत नाहीत?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. पंचम साच्या दीडपट असतो. ५५ हर्ट्झच्या सापासून निघून पंचमाचा पंचम, त्याचा पंचम असे बारा वेळा गेलो की बाराही सूर घेऊन सात सप्तकं वर पुन्हा सा यायला हवा. सात वेळा दुप्पट केलं तर ७०४० येतात. बारा वेळा दीडपट केलं तर सुमारे ७१३६. ते कधीच जुळणार नाहीत: दीडपट म्हणजे तीन भागिले दोन, आणि तीनाचा कोणताही घात विषम, दोनाचा सम. ही तफावत कुठेतरी मुरवावीच लागते. तोडगा असा की सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट, म्हणजे दोनाच्या बाराव्या मुळाएवढी. चीनच्या झू झाईयू यांनी १५८४ मध्ये हा हिशेब मांडला होता. यात पंचम दोनच सेंट उतरतो, गंधार मात्र चौदा सेंट चढतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही या तक्रारीबरोबरच तिच्या अशा सुरांबद्दलचीही तक्रार त्यामागे होती.

भाच्याच्या फोनवर एक फॉरवर्डही होता: वरच्या सप्तकातली पांढरी सहा, जिच्यावरून सगळी वाद्यं जुळवतात, ती ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला जुळवली की सूर विश्वाशी जुळतात, आजार बरे होतात. हे साफ खोटं आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ ठरवलं होतं, ४४० वर एकमत झालं १९३९ च्या लंडनच्या परिषदेत. सगळेच सूर ४३२ च्या हिशेबाने खाली आणले तर गंधार आणि सा यांचं गुणोत्तर तसंच राहतं, करकरही तशीच राहते.

गंधार उतरवून भाचा पुढे गेला, आणि दुसरीच कॉर्ड बिघडली. ती धैवतापासूनची होती. तिथे तोच गंधार पंचमाच्या जागी येतो आणि आता सोळा सेंट कमी पडतो. बारा सारखे भाग कशासाठी केले ते त्याला तेव्हा कळलं. शेवटी सुरुवातीला जिथे एकच कॉर्ड लांबवली होती तिथे त्याने गंधार खाली ठेवला आणि कॉर्ड बदलायला लागल्यावर ऑटोमेशनने, म्हणजे ठरल्या जागी आपोआप बदल करणाऱ्या सोयीने, शून्यावर आणला. ढोलाला हात लावला नाही. ताणलेल्या गोल पडद्याच्या गणितात उपस्वर दुप्पट, तिप्पट येत नाहीत, १.५९ पट, २.१४ पट असे येतात. साच्या उपस्वरांशी थेट जुळायचं किंवा भांडायचं त्यांना कारणच पडत नाही.