अद्भुतरम्य पुस्तकांचा संग्रह

अद्भुतरम्य पुस्तकांचा संग्रह : जादू, राक्षस, बोलणारी जनावरे आणि कुठल्याच नकाशावर नसलेली राज्ये खरी धरून चालणाऱ्या कथांची पुस्तके हौसेने जमवणे, आणि त्यांच्या जोडीने त्याच कथांवरचे चित्रपट पाहणे व खेळ खेळणे. या साहित्यप्रकाराला मराठी वाचकही आता सरळ ‘फँटसी’ म्हणतात. ‘अद्भुतरम्य’ हा शब्द आपल्याकडे वाङ्मयेतिहासात एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांसाठी रूढ झाला. विज्ञानकथेत यान का उडते याचे काहीतरी कारण द्यावे लागते; इथे गालिचा उडतो, एवढे पुरते. संग्राहकांच्या कपाटात मात्र ही सीमा फारशी कोणी पाळत नाही, आणि भयकथा तर हटकून शेजारीच असतात.

ग्रंथसंग्रह म्हटला की कातडी बांधणी आणि सोनेरी कडा डोळ्यांपुढे येतात. या छंदात चित्र उलटे आहे. आज ज्या पुस्तकांवर लिलावात बोली चढते ती बहुतेक मुलांसाठी, नाहीतर प्रवासात वाचून सोडून देण्यासाठी छापलेली होती. हाताळून फाटणे हे त्यांच्या नशिबातच होते. म्हणून न फाटलेली प्रत दुर्मिळ.

छंदाची पाळेमुळे अमेरिकेतल्या स्वस्त कथामासिकांत आहेत. ‘विअर्ड टेल्स’ हे त्यांतले नामांकित मासिक १९२३ साली निघाले. ही मासिके लगद्याच्या हलक्या कागदावर छापत. तो कागद पिवळा पडून कडांनी तुटू लागे. ‘विअर्ड टेल्स’मध्ये लिहिणारा भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ साली वारला, तेव्हा त्याच्या कथा पुस्तकरूपाने टिकाव्यात म्हणून ऑगस्ट डर्लेथ आणि डॉनल्ड वॉन्ड्रे या त्याच्या पत्रमित्रांनी १९३९ साली विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी या लहान गावी ‘अर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पहिल्या पुस्तकाच्या १,२६८ प्रती छापल्या, किंमत ५ डॉलर. त्या खपायला काही वर्षे लागली. आज या संस्थेची पुस्तके जमवणे हा छंदातलाच एक स्वतंत्र छंद आहे.

पण छंदाला आजचे रूप आले ते ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांच्यामुळे. ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविनने काढले. पहिल्या मुद्रणाच्या प्रती १,५००, आणि त्या नाताळाआधीच संपल्या. पुठ्ठ्यावर घातलेल्या सुट्या कागदी वेष्टनावरची डोंगरांची चित्रे लेखकाने स्वतः काढलेली. वेष्टनाच्या मागच्या घडीवर डॉजसन (म्हणजे ‘ॲलिस’चा कर्ता लुइस कॅरल) या नावात एक अक्षर जास्तीचे पडले होते, ते प्रकाशकाच्या माणसांनी शाईने हाताने खोडले. आज संग्राहक ती शाईची रेघ असल्याची खात्री करून घेतो. छपाईतली चूक ही इथे ओळखपत्रासारखी चालते.

या पुस्तकाची पहिली आवृत्ती हवीशी असण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते हौसेपेक्षा भक्कम आहे. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत टोल्किन यांनी पाचवे प्रकरण बदलले. मूळ मजकुरात गॉलम हा गुहेतला प्राणी कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठीच बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर बिल्बो या नायकाला वाट दाखवून निरोप देतो. पुढच्या महाकादंबरीत त्या अंगठीने माणसे पछाडायची होती. तिचा धनी ती पैजेवर लावेल हे मग जुळेना. म्हणून नव्या मजकुरात गॉलम चिडून मागे लागतो. म्हणजे जुनी प्रत हाती घेणारा केवळ जुना कागद घेत नाही, वेगळी गोष्ट घेतो. ती महाकादंबरी, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, तीन खंडांत २९ जुलै १९५४, ११ नोव्हेंबर १९५४ आणि २० ऑक्टोबर १९५५ रोजी आली. एका खंडाची किंमत २१ शिलिंग. पहिल्या खंडाच्या अवघ्या ३,००० प्रती काढल्या होत्या, कारण इतके जाड पुस्तक बुडणार अशी प्रकाशकाला धास्ती होती.

पुस्तक सर्वांच्या हाती गेले ते एका वादामुळे. अमेरिकेतल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यातली फट धरून ‘एस बुक्स’ने १९६५ साली लेखकाला न विचारता ७५ सेंटच्या कागदी बांधणीत तिन्ही खंड काढले. त्याच वर्षी ‘बॅलंटाइन’ने ९५ सेंटची अधिकृत आवृत्ती आणली, तिच्या मागच्या बाजूला, हयात लेखकाविषयी आदर असलेल्यांनी हीच घ्यावी अशा अर्थाचे टोल्किन यांचे निवेदन होते. वाचक खवळले, वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या, आणि शेवटी एसने मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबवले. आता गंमत अशी की नैतिक बाजूने हरलेल्या एसच्या प्रतीच संग्राहक जास्त शोधतात, कारण त्या पुन्हा निघाल्या नाहीत.

बॅलंटाइनची मुखपृष्ठे बार्बरा रेमिंग्टन यांनी घाईत केली, पुस्तके वाचायला वेळच मिळाला नव्हता. ‘हॉबिट’च्या मुखपृष्ठावरचा सिंह आणि एमू पक्षी पाहून टोल्किन चक्रावले. सिंह पुढच्या मुद्रणांतून गेला, म्हणून सिंहवाली प्रत वेगळी ओळखली जाते. याच काळात, १९६६ पासून, फ्रँक फ्रझेटा यांनी कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथांच्या कागदी पुस्तकांवर रंगवलेली चित्रे इतकी गाजली की केवळ मुखपृष्ठासाठी पुस्तक घेणारा वर्ग तयार झाला. चित्रांच्या बाबतीत एक किस्सा सांगायलाच हवा. लंडनच्या फोलिओ सोसायटीने १९७७ साली टोल्किनचा जो संच काढला, त्यात इन्गाहिल्ड ग्राथमर या नावाने चित्रे आहेत. ही चित्रकर्ती म्हणजे डेन्मार्कची तेव्हाची राणी मार्गरेथे दुसरी.

बॅलंटाइननेच १९६९ ते १९७४ या काळात लिन कार्टर यांच्या संपादनाखाली विस्मृतीत गेलेली अद्भुत पुस्तके पुन्हा काढली. मुखपृष्ठावर एकशिंगी घोड्याचे छोटे मुंडके असे; ते चिन्ह पाहून पूर्ण मालिका लावणारे संग्राहक आजही आहेत. मालिका पूर्ण करण्याचा हा सोस लहानपणी काडेपेटीची लेबले जमवणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

खेळांचे नाते माझ्या मते चित्रपटांपेक्षा जास्त घट्ट आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्याच लेक जिनिव्हा गावातून विक्रीला आला. लाकडी रेघांच्या कागदात मढवलेला पुठ्ठ्याचा डबा, आत तीन पातळ पुस्तिका, पहिले संच १,०००, तेही घरी बसून भरलेले. पट नाही, सोंगट्या नाहीत असे म्हटले तरी चालेल. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि फासे पडतील तसे कथानक वळते. सुरुवातीच्या संचांत ‘हॉबिट’ हा टोल्किनच्या बुटक्या लोकांचा शब्द सरळ छापलेला होता. हक्कधारकांची नोटीस आल्यावर तो जाऊन ‘हाफलिंग’ आला, आणि आज जुना शब्द असलेला डबा महाग. गायगॅक्स यांनी खेळात गोष्ट सांगणाऱ्या सूत्रधारासाठीच्या १९७९ च्या ग्रंथात ‘परिशिष्ट एन’ म्हणून स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची यादी दिली. ती दीडेक पानाचीही नाही. पण किती तरी संग्रह या यादीवर बोट ठेवून उभे राहिले, आणि विसरलेले लेखक तिच्यामुळे पुन्हा छापले गेले.

हा खेळ ब्रिटनमध्ये नेणाऱ्या स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी १९८२ साली पफिन प्रकाशनासाठी पुस्तक आणि खेळ एकच करून टाकला. त्यांच्या ‘फायटिंग फँटसी’ मालिकेतल्या पुस्तकात साधारण ४०० क्रमांकित परिच्छेद असतात. डावीकडच्या दाराने जायचे तर अमुक क्रमांक उघडा, लढायचे तर फासे टाका. जखमा, अन्न, सामान यांचा हिशेब मांडायला पुढेच एक तक्ता छापलेला. मुलांनी तो अर्थातच पेन्सिलीने भरला, खोडला, पुन्हा भरला. पफिनची मालिका १९९५ साली ५९ व्या पुस्तकावर थांबली. शेवटची पुस्तके कमी खपली, त्यामुळे तीच मिळवणे अवघड. आणि कुठल्याही क्रमांकाचे असो, तक्ता कोरा असलेले पुस्तक सापडले की समजावे, ते भेट मिळाले होते आणि कोणी उघडले नव्हते.

संगणकावर आलेल्या खेळांत पोलंडचे उदाहरण ठळक आहे. आंद्झेय सापकोव्स्की यांची ‘विचर’ या राक्षसांच्या शिकाऱ्याची पहिली कथा १९८६ साली ‘फांतास्तिका’ मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिलेली. सीडी प्रोजेक्ट या कंपनीला खेळाचे हक्क देताना त्यांनी नफ्यातला वाटा न घेता एकरकमी पैसे घेतले. खेळ चालेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. २००७, २०११ आणि २०१५ च्या तीन खेळांनी ही पुस्तके इंग्रजी वाचकांत कुठल्या कुठे नेली. २०१९ साली लेखक आणि कंपनी यांच्यात नवा करार झाला. पत्त्यांच्या खेळात, १९९३ साली आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’मध्ये, २०२३ साली टोल्किनवर आधारित संच निघाला. त्यात ‘एकमेव अंगठी’चे जगात एकच असे पान घातले होते. ते कॅनडात सापडले आणि पोस्ट मलोन या गायकाने सुमारे २० लाख डॉलरना घेतले.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. पीटर जॅक्सन यांची न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची त्रयी २००१ ते २००३ मध्ये आली. तिसऱ्या भागाला ११ नामांकने होती आणि अकराही ऑस्कर मिळाले. चित्रपटांचे कल्पनाचित्रकार ॲलन ली आणि जॉन हाउ हे आधी याच पुस्तकांचे आणि दिनदर्शिकांचे चित्रकार होते, म्हणून पडद्यावरचे डोंगर वाचकांना ओळखीचे वाटले. चित्रपट आला की मुखपृष्ठावर नटांचे फोटो येतात. जुने संग्राहक अशा प्रतींना नाके मुरडतात, पण अनेकांची सुरुवात त्याच प्रतीपासून झालेली असते.

प्रत पारखताना मराठी माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. आपल्याकडे ‘तिसरी आवृत्ती’ म्हणजे पुष्कळदा नुसते पुन्हा छापलेले पुस्तक. इंग्रजी ग्रंथव्यवहारात मजकूर किंवा जुळणी बदलली तर नवी आवृत्ती. तसेच पुन्हा छापले तर नवे मुद्रण. संग्राहकाला पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण हवे असते. त्यासाठी आतल्या शीर्षकाच्या पानामागच्या तपशिलाच्या पानावरची अंकांची ओळ पाहतात : तीत १ असेल तर सहसा पहिले मुद्रण, सर्वांत लहान अंक २ असेल तर दुसरे. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक लंडनच्या ब्लूम्सबरीने २६ जून १९९७ रोजी काढले तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती होत्या. त्यांच्या ५३ व्या पानावरच्या सामानाच्या यादीत ‘एक छडी’ दोनदा आहे. वेष्टनाच्या आतल्या घडीचा किमतीचा कोपरा कापलेला असेल तर भाव उतरतो. भेट देताना किंमत दिसू नये म्हणून कोणीतरी कात्री चालवलेली असते. किंमत मुळातच छापलेली नसेल तर अमेरिकेत ती ‘बुक क्लब’ची स्वस्त प्रत असण्याची शक्यता.

मोठे संग्रह सार्वजनिकही आहेत. अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठाने टोल्किन यांची हस्तलिखिते १९५७ साली १,५०० पौंडांना घेतली, लेखक हयात असताना आणि फारसे कोणी विचारत नसताना. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला ईटन संग्रह एका डॉक्टरच्या सुमारे ७,५०० पुस्तकांपासून १९६९ साली सुरू झाला. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयातला मेरिल संग्रह १९७० मधला, लेखिका जुडिथ मेरिल यांच्या देणगीतून आलेला; तिथे पुस्तकांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या भूमिका-खेळांच्या पुस्तिकाही जपतात.

मराठीत अद्भुताचे कपाट रिकामे कधीच नव्हते. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी सुरस गोष्टी, पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’. अलीकडे ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आले, आणि मुग्धा कर्णिक यांनी टोल्किनची महाकादंबरी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आणली. पण जुन्या पुस्तकांच्या वेष्टनासह प्रती मिळणे कठीण, कारण आपला वाचक वाचनालयाचा. वाचनालयात नवे पुस्तक आले की आधी बाइंडरकडे जाई. वेष्टन फेकले जाई, कडा कापल्या जात, काळा पुठ्ठा आणि कापडी कणा चढे. पुस्तक तीस वर्षे टिके आणि संग्राहकाच्या दृष्टीने पहिल्याच आठवड्यात संपे. उरलेले काम कोकण-मुंबईची दमट हवा, कसर आणि वाळवी करतात. डांबराच्या गोळ्यांनी वास येतो, बुरशी थांबत नाही.

सर्वांत जिव्हाळ्याने शोधला जातो तो ‘चांदोबा’. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू-तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. याच जोडीने ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे चित्रपट काढले, म्हणजे मासिक आणि पडदा यांचे घर इथे एकच होते. झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चाललेला विक्रम ‘शंकर’ या चित्रकाराचा. तो पाहिलेला माणूस सत्तरीतही ते चित्र ओळखतो. घरोघरी वर्षाचे बारा अंक दाभणाने शिवून एकत्र ठेवत, आणि शिवण्यापूर्वी मुखपृष्ठे बहुधा कोणाच्या तरी वहीला कव्हर म्हणून गेलेली असत. जुना बाजार किंवा रद्दीच्या दुकानात असा गठ्ठा निघाला, तर विकणारा आधीच सांगतो : कव्हरे नाहीत, पाने सगळी आहेत.